अपुऱ्या दिवसांचे बाळ व आईची ऊब



ह्या महिन्याच्या अभ्यासपाठासाठी आम्ही जो विषय घेतला आहे, तो बहुतेक प्रत्येक मंडळीत कोणाच्या ना कोणाच्या घरी येऊन गेलेला असतो. परंतु त्याविषयी मोकळेपणाने बोलणे फार थोडे होते. बाळंतपणाची तारीख दोन महिने पुढे असते आणि एके सकाळी निरोप येतो की, सुनेला रात्री दवाखान्यात न्यावे लागले, बाळ झाले, वजन सव्वा किलो आहे आणि त्याला काचेच्या पेटीत ठेवले आहे. बाळ एका मजल्यावर असते व आई दुसऱ्या. चार दिवसांनी आईला घरी सोडतात. बाळ तेथेच राहते. मग घरची वडील माणसे मायेपोटीच म्हणतात, "तू ओली बाळंतीण आहेस, सव्वा महिना घराबाहेर पडू नकोस. बाळाचे काय ते डॉक्टर बघतील."

ह्या पाठात आम्हांला एकच गोष्ट मांडावयाची आहे. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची आई ही त्या विभागात भेटीला येणारी पाहुणी नव्हे. तिची ऊब, तिचे दूध, तिचा स्पर्श व तिचा आवाज हा त्या बाळाच्या उपचाराचाच भाग आहे. हे आम्ही केवळ भावनेच्या भरात म्हणत नाही. गेल्या पन्नासएक वर्षांत वैद्यकशास्त्र हळूहळू ह्या निष्कर्षापर्यंत कसे आले, ते आपण क्रमाने पाहू.

१. अपुऱ्या दिवसांचे म्हणजे किती दिवसांचे?

गर्भ सुमारे ४० आठवडे पोटात वाढतो. ३७ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी जे बाळ जन्मते, त्याला अपुऱ्या दिवसांचे बाळ म्हणतात. ३२ ते ३७ आठवड्यांची बाळे बहुधा थोड्या मदतीने तरतात. २८ ते ३२ आठवड्यांच्या बाळांना अधिक काळजी लागते, आणि २८ आठवड्यांच्या आतली बाळे सर्वांत नाजूक असतात. २०२० साली जगात अशी सुमारे १ कोटी ३४ लाख बाळे जन्मली. त्यांपैकी सुमारे ३० लाख एकट्या भारतात. कोणत्याही एका देशातील हा सर्वांत मोठा आकडा होय.

आपल्याकडे जुनी समजूत आहे की, सातमाशी मूल जगते, पण आठव्या महिन्याचे जगत नाही. ह्या समजुतीला काहीही आधार नाही. पोटात काढलेला प्रत्येक जादा आठवडा बाळाच्या फायद्याचाच असतो, आणि आठव्या महिन्याचे बाळ सातव्या महिन्याच्या बाळापेक्षा बळकटच असते.

दुसरी समजूत याहून दुःखदायक आहे. बाळ लवकर झाले की बोट आईकडे जाते: हिने जड उचलले असेल, हिने प्रवास केला असेल, हिने नीट खाल्ले नसेल. वास्तविक जंतुसंसर्ग, वाढलेला रक्तदाब, जुळी बाळे, गर्भाशयाचे दोष अशी अनेक कारणे असतात. आणि पुष्कळदा तर नेमके कारण सापडतच नाही. आधीच खचलेल्या बाईवर दोषाचे ओझे घालू नये.

२. बाळ कोठून आले आणि कोठे आले?

आईच्या पोटात अंधार असतो. बाहेरचे आवाज पाण्यातून व मांसातून गाळून, मंद होऊन आत येतात. आईच्या हृदयाचे ठोके सतत ऐकू येतात. बाळ हातपाय पोटाशी घेऊन, मुटकुळे करून तरंगत असते. हात पसरला तर गर्भाशयाची भिंत लागते व हात पुन्हा तोंडाशी येतो. पुष्कळसा वेळ ते झोपलेले असते, आणि त्या झोपेत मेंदूची जडणघडण चाललेली असते. ३४ आठवड्यांच्या बाळाच्या मेंदूचे वजन पूर्ण दिवसांच्या बाळाच्या मेंदूच्या सुमारे दोन-तृतीयांशच असते. म्हणजे राहिलेला तिसरा हिस्सा शेवटच्या पाच-सहा आठवड्यांत भरावयाचा असतो. बाळ लवकर जन्मले, तर हे काम पोटाऐवजी दवाखान्यात व्हावयाचे असते.

आता तो विभाग डोळ्यांपुढे आणा. डोक्यावर दिवे, यंत्रांच्या घंटा, दारांची उघडझाप, माणसांची बोलणी. दर थोड्या वेळाने कोणीतरी झोप मोडते: रक्त घेण्यासाठी, नळी बदलण्यासाठी, वजन करण्यासाठी. पाठीवर उताणे ठेवले की हातपाय उघडे पडतात, कारण त्यांना जवळ आणण्याइतके बळ स्नायूंत अजून आलेले नसते. हे सर्व उपचार बाळाचा प्राण वाचवण्यासाठीच असतात व ते आवश्यक असतात. परंतु प्राण वाचवीत असताना मेंदूला जपावयाचे कसे, हा प्रश्न उरतोच. बाळाच्या वाढीला पोषक अशी शुश्रूषा म्हणतात ती ह्या प्रश्नातून जन्मली.

३. एवढ्याशा बाळाला दुखते का?

आज हा प्रश्न आपल्याला विचित्र वाटेल. परंतु १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत अनेक ठिकाणी डॉक्टरांची अशी समजूत होती की, नवजात बाळाच्या मज्जातंतूंची वाढ पुरी झालेली नसल्याने त्याला वेदना फारशा कळत नाहीत. शिवाय गुंगीचे औषध बाळाला सोसणार नाही, अशी भीतीही होती. त्यामुळे पुष्कळ बाळांवर शस्त्रक्रिया होत त्या स्नायू ढिले करणारे औषध देऊन, पण वेदनाशामक जवळजवळ न देता. बाळ हलू शकत नसे, म्हणून ते शांत आहे असे वाटे.

ही समजूत मोडण्यात ज्यांचा मोठा वाटा आहे, ते डॉ. कंवलजीत आनंद हे आपल्या इंदूरच्या महात्मा गांधी मेडिकल कॉलेजात शिकले, हे आमच्या इंदूरच्या वाचकांना वाचून बरे वाटेल. पुढे ते ऑक्सफर्डला गेले. अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर हृदयाजवळील रक्तवाहिनीची शस्त्रक्रिया होत असताना काही बाळांना त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी फेंटॅनिल हे प्रभावी वेदनाशामक दिले, काहींना नेहमीच्या पद्धतीने ठेवले, आणि दोघांच्या रक्ताची तपासणी केली. वेदनाशामक न मिळालेल्या बाळांच्या शरीरात ताणाची रसायने फार वाढलेली आढळली व शस्त्रक्रियेनंतर त्यांच्यात गुंतागुंतही अधिक झाली. हे संशोधन १९८७ साली प्रसिद्ध झाले आणि त्यानंतर जगभर पद्धती बदलू लागल्या.

यातून आपण शिकावयाचे ते हे की, रडू न शकणाऱ्यालाही दुखते. आज टाचेला सुई टोचावयाची असली, तरी चांगल्या विभागात आधी आईच्या दुधाचे किंवा साखरपाण्याचे थेंब ठरलेल्या प्रमाणात जिभेवर देतात. कोणीतरी बाळाचे डोके व दुमडलेले पाय दोन्ही तळहातांत स्थिर धरून ठेवते. हे काम आईला शिकवता येते, आणि सुई टोचताना बाळ आईच्या छातीवर असेल तर त्याला वेदना कमी होतात, असेही दिसून आले आहे.

४. बाळ बोलते, आपण ऐकावे

१९८० च्या दशकात अमेरिकेतील बॉस्टन येथील मानसशास्त्रज्ञ हायडेलिझे आल्स यांनी एक वेगळा मार्ग दाखवला. त्या पेटीजवळ उभ्या राहून बाळाकडे बराच वेळ नुसते पाहात व त्याची प्रत्येक हालचाल टिपून घेत. त्यांचे म्हणणे असे की, अगदी लहान बाळही आपल्या अंगाने बोलत असते. ते समजून घेऊन प्रत्येक बाळाची शुश्रूषा त्याच्या त्याच्या गरजेप्रमाणे ठरवावी.

ही भाषा कोणत्याही आईला थोड्या दिवसांत येते. बोटे पंख्यासारखी ताठ पसरणे, हात झटकन बाहेर फेकणे, कपाळाला आठ्या, एकसारख्या जांभया किंवा उचक्या, नजर फिरवणे, अंगावर चट्टे उठल्यासारखा रंग बदलणे, श्वास मध्येच थांबणे, ह्या सर्वांचा अर्थ, "आता पुरे, मला थोडे थांबू द्या." श्वास थांबला वा रंग निळसर झाला, तर मात्र वाट न पाहता ताबडतोब परिचारिकेला बोलवावे. उलट हात तोंडाशी नेणे, बोट धरून ठेवणे, चेहरा सैल होणे, डोळे उघडून शांतपणे पाहणे ह्याचा अर्थ, "मी बरा आहे, जवळ या." पहिल्या खुणा दिसल्या की हात काढून घ्यावा, अथवा न हलवता तळहात तसाच ठेवावा. दुसऱ्या दिसल्या की हलक्या आवाजात बोलावे. थोपटणे, कुरवाळणे, जोजवणे हे पूर्ण दिवसांच्या बाळाला आवडते. फार लहान बाळाला स्थिर, ऊबदार हात अधिक मानवतो.

५. बोगोटातील अडचण व तिच्यातून निघालेली वाट

दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशाच्या बोगोटा ह्या राजधानीत गरीब बायांचे एक मोठे प्रसूतिगृह होते. पेट्या थोड्या आणि बाळे फार. एकाच पेटीत दोन-तीन बाळे ठेवावी लागत, त्यामुळे जंतुसंसर्ग पसरे. आईपासून दीर्घकाळ दूर राहिलेली काही बाळे तेथेच टाकून दिली जात. १९७८ साली तेथील डॉ. एदगार रेय यांनी व पुढल्या वर्षापासून त्यांच्याबरोबर डॉ. एक्तोर मार्तिनेस यांनी असे ठरवले की, बाळ स्थिरावले की त्याला आईच्या उघड्या छातीशी उभे बांधावे, आईचे दूध द्यावे व लवकर घरी सोडून वरचेवर तपासावे. कांगारू आपले पिल्लू पोटाच्या पिशवीत वाढवते, त्यावरून ह्या पद्धतीला 'कांगारू मातृशुश्रूषा' असे नाव पडले.

प्रथम पुष्कळांनी हा 'गरिबांचा उपाय' मानला. परंतु तपासाअंती दिसले की, आईच्या छातीवर बाळाचे तापमान चांगले राहते, जंतुसंसर्ग कमी होतो व अंगावरचे दूध अधिक काळ टिकते. बोगोटातच १९९० च्या दशकात ज्या बाळांना असे वाढवले, त्यांची वीस वर्षांनी पुन्हा पाहणी झाली. तेव्हा ती तरुण मुले इतरांच्या मानाने कमी आक्रमक आढळली, व त्यांनी शाळाही कमी बुडवलेली होती.

तरीही एक प्रश्न राहिला होता. बाळ स्थिर होईपर्यंत थांबावे की जन्मताच सुरू करावे? ह्याचे उत्तर शोधण्यात भारताचाही वाटा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने घाना, मलावी, नायजेरिया, टांझानिया व भारत अशा पाच देशांत एक मोठी चाचणी घेतली. भारतातील केंद्र दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय होते. १ किलो ते १.८ किलोच्या आतील ३,२११ बाळे तिच्यात होती. जी बाळे तासाभरात आपण होऊन श्वास घेऊ शकली नाहीत, ती मात्र घेतली नव्हती. निम्म्या बाळांना जन्मानंतर लगेच आईच्या छातीशी ठेवले. त्यासाठी अतिदक्षता विभागातच आईचीही खाट मांडली. ती बाळे दिवसाकाठी साधारण १७ तास छातीशी राहिली. बाकीची त्या विभागात असेपर्यंत साधारण दीड तासच. दुसऱ्या गटातील १०० बाळांमागे सुमारे १६ बाळे पहिल्या २८ दिवसांत दगावली. पहिल्या गटातील १२. हा फरक इतका स्पष्ट होता की, चाचणी वेळेपूर्वीच थांबवण्यात आली. निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केली की, ज्या बाळांना तातडीच्या उपचारांसाठी बाजूला घ्यावेच लागते ती वगळता, अपुऱ्या दिवसांच्या व कमी वजनाच्या बाळांना जन्मापासूनच, रोज ८ ते २४ तास, जेवढा वेळ शक्य तेवढा असे ठेवावे.

वाचकहो, शंभरातील चार बाळे. ज्या घरातले बाळ त्या चारांपैकी असेल, त्या घराला विचारा की चार म्हणजे किती!

६. हे सर्व प्रत्यक्षात कसे करतात?

ऊब. बाळाच्या अंगावर फक्त टोपडे, लंगोट व मोजे असतात. आई किंचित मागे रेलून बसते. बाळाला तिच्या दोन्ही स्तनांच्या मध्ये उभे, छातीला छाती लावून, पाय बेडकासारखे दुमडून ठेवतात. मान एका बाजूस व किंचित वर, म्हणजे श्वासाची वाट मोकळी राहते. वरून मऊ कापडाने बांधतात. एका वेळी निदान तासभर तरी ठेवावे, कारण उचलण्या-ठेवण्याचा बाळाला शीण होतो. आई थकली तर वडिलांनी, आजीने किंवा मावशीने छातीशी घ्यावे. त्यांची ऊबही उपयोगी पडते.

बिछाना. पेटीत असताना कापडाची गुंडाळी करून, चुंबळीसारखे कडे बाळाभोवती रचतात. हातपाय त्याला टेकतात, बाळ पुन्हा मुटकुळे करते व शांत झोपते. घरी आल्यावर मात्र बाळाला पाठीवर, सपाट अंथरुणात निजवावे. भोवती उशा-लोड ठेवू नयेत.

आवाज व उजेड. नवजात बालकांच्या विभागात आवाज ४५ डेसिबलच्या वर नसावा, असे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९९७ मध्येच सांगितले. आपले साधे बोलणे ६० च्या आसपास असते. म्हणून पेटीवर बोटाने टकटक करू नये, तिच्यावर बाटली वा वही आपटू नये, दूरध्वनीची घंटा बंद ठेवावी. पेटीवर कापड घालून उजेड कमी करतात; ते काढून डोकावण्याची घाई करू नये.

दूध. चोखणे, गिळणे व श्वास घेणे ह्यांचा मेळ साधारण ३४ आठवड्यांच्या सुमारास बसतो. तोवर नळीने दूध देतात. पहिले दोन-तीन दिवसांचे चिकाचे दूध थेंबभर निघाले, तरी ते बाळासाठी औषधासारखे आहे. आतड्याचा जो घातक विकार अशा बाळांना होतो, त्यापासून आईचे दूध पुष्कळ अंशी रक्षण करते. आईला दूध येत नसेल, तर मातृदुग्धपेढी असते. आशियातील पहिली मातृदुग्धपेढी मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली सुरू केली.

७. मर्यादाही ओळखाव्यात

अभ्यास करावयाचा तर दोन्ही बाजू पाहिल्या पाहिजेत. आईची ऊब म्हणजे यंत्राला पर्याय, असा अर्थ कोणी काढू नये. ज्या बाळाची फुप्फुसे कच्ची आहेत, त्याला श्वासाचे यंत्र व औषधेच लागतात. पुष्कळ बाळांना ती लावलेली असतानाही छातीशी घेता येते, पण तो निर्णय डॉक्टरांचा. तसेच आल्स यांच्या पद्धतीच्या आरंभीच्या लहान चाचण्यांत मोठे लाभ दिसले होते. पुढे सर्व चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा मुलांच्या बुद्धीवर त्याचा दूरवरचा परिणाम निश्चितपणे सिद्ध झाला नाही. तरीही कमी गोंगाट, कमी वेदना व अखंड झोप ह्यांत तोटा कोणाचाच नाही. आणि सर्व काही करूनही काही बाळे राहात नाहीत, हेही खरे. अशा वेळी त्या आईबापांनी बाळाला निदान हातात घेतलेले असावे.

८. घरच्यांनी व मंडळीने काय करावे?

पहिली गोष्ट, सव्वा महिन्याचा नियम येथे बाजूला ठेवावा. आईची प्रकृती बरी असेल तर तिला रोज बाळाकडे जाऊ द्यावे. विसावा तिलाही हवाच. तो तिला रुग्णालयातील आरामखुर्चीत बाळ छातीशी घेऊन मिळू शकतो. विभागात आईला येऊ देत नसतील, तर नम्रपणे पण ठामपणे विचारावे. केंद्र शासनाच्या आरोग्य मंत्रालयाने २०१७ साली मार्गदर्शिका काढली आहे. तिच्यात जिल्हा रुग्णालयांतील नवजात शिशु विभागांत कुटुंबातील माणसांना शिकवून शुश्रूषेत सामील करावे असे सांगितले आहे. शासकीय रुग्णालयांत एक वर्षापर्यंतच्या आजारी बालकांवरील उपचार विनामूल्य आहेत, हेही गरजू कुटुंबांना सांगावे.

भेटीस जाणाऱ्यांनी बाळ पाहण्याचा आग्रह धरू नये. सर्दी-खोकला असलेल्याने तर दूरच राहावे. त्याऐवजी डबा पोहोचवावा, थोरल्या मुलाला आपल्या घरी ठेवून घ्यावे, आईच्या रिक्षाची सोय करावी. प्रार्थना करावयाची ती जिन्याखालीही करता येते.

बाळ घरी आल्यावर बाळगुटी, मध, धुरी व शेगडीचा धूर टाळावा. तेलाचे मालीश डॉक्टरांना विचारूनच करावे. ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा २ किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाच्या डोळ्यांच्या पडद्याची तपासणी जन्मानंतर ३० दिवसांच्या आत झालीच पाहिजे. फार लहान बाळांची तर दोन-तीन आठवड्यांतच. ही तपासणी चुकली आणि दोष वाढला, तर कायमचे अंधत्व येऊ शकते. कानांचीही तपासणी करून घ्यावी. लसी जन्मतारखेप्रमाणे द्याव्यात. परंतु बसणे, रांगणे, बोलणे ह्यांचा हिशेब मात्र बाळ ज्या दिवशी जन्मावयाचे होते, त्या दिवसापासून दोन वर्षांचे होईपर्यंत करावा. दोन महिने आधी आलेले मूल शेजारच्या मुलापेक्षा दोन महिने मागे असले, तर ते मागे नाहीच. ही तुलना आईच्या कानावर घालू नये.

चर्चेसाठी प्रश्न

(१) आईला 'पाहुणी' न मानता उपचाराचा भाग मानले, तर आपल्या घरातील बाळंतपणाच्या कोणत्या रीती बदलाव्या लागतील?
(२) बाळ थकल्याच्या व शांत असल्याच्या प्रत्येकी तीन खुणा सांगा.
(३) बोगोटातील डॉक्टरांपाशी साधने कमी होती. त्या अडचणीतून सर्वांच्या उपयोगाची वाट कशी निघाली?
(४) बाळाच्या वडिलांनी छातीशी घेण्यास आपल्याकडे संकोच का वाटतो? तो कसा घालवता येईल?
(५) आपल्या गावाजवळ नवजात शिशु विभाग, मातृदुग्धपेढी व डोळ्यांच्या पडद्याची तपासणी कोठे होते, ह्याची माहिती काढून मंडळीच्या फलकावर लावण्याची जबाबदारी कोण घेईल?